गोटीरामभाऊंचा शेरा आणि पाच लिटरचा कॅन

या समारंभाच्या अध्यक्षस्थानी बसलेले कॉलेजचे प्राचार्य साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या आमच्या सृष्टीच्या गुरू उज्वला मॅडम, व्यासपीठावरची बाकीची थोर मंडळी, ज्यांच्यासाठी आज हा हॉल भरला ते सत्कारमूर्ती गोटीरामभाऊ, समोर बसलेले सर्व शिक्षक, शिपाई, मावश्या, आणि खुर्ची न मिळाल्यामुळे मागे भिंतीला टेकलेली मुलं-मुली, तुम्हा सर्वांना चांदवडकडच्या कुसाबाईचा नमस्कार.

एवढं एका दमात म्हणायला मी चार दिवस घोकलंय. कोणाचं नाव आधी घ्यायचं, कोणाचं मागून, हे सृष्टीनं कागदावर लिहून दिलं होतं. मावश्या मी माझ्या मनानं घातल्या.

मी सृष्टीची आजी. आज इथं एका मांडवात दोन कार्यं आहेत. गोटीरामभाऊ चौतीस वर्षं प्रयोगशाळेत काम करून निवृत्त होतायत, आणि आमची सृष्टी पीएचडी झाली. मॅडम म्हणाल्या, घरच्यांपैकी कुणीतरी दोन शब्द बोला. माझा मुलगा रोहित, म्हणजे सृष्टीचा बाप, सातपूरला कारखान्यात असतो. मशीनसमोर तो आठ तास उभा राहील, माईकसमोर आठ मिनिटं राहायचा नाही. म्हणून मी उभी राहिले. माझी शाळा दुसरीपर्यंत झाली. पण हे वहीत मीच लिहून आणलंय. अक्षर मोठं आहे म्हणून पानं जास्त दिसतात, घाबरू नका.

आधीच सांगून टाकते, मी नुसतं कौतुक करायला आले नाही. गोटीरामभाऊंच्या सेवापुस्तकात चौतीस वर्षांत एकच वाईट शेरा आहे. परवा महिना संपतो, त्या दिवशी ते पुस्तक कायमचं बंद होणार. त्याच्या आत मला त्या शेऱ्याबद्दल बोलायचंय. प्राचार्य साहेब, सहीचा पेन खिशात असेल तर असू द्या.

गोटीरामभाऊ, मान हलवू नका. मी थांबायची नाही.

पण शेरा समजायचा तर आधी सृष्टीचं काम समजलं पाहिजे. इथं बसलेल्या निम्म्या लोकांना ते माझ्यापेक्षा जास्त कळतं, त्यांनी तेवढा वेळ चहाचं बघावं.

तिचं काम यीस्टचं. पाव फुगवतं ते यीस्ट. आपल्या नाशकात आता वाइनचे कारखाने झाले, त्यांच्या टाक्यांतही तेच असतं. एक यीस्ट म्हणजे एकच पेशी. तिला हात नाहीत, डोळे नाहीत, कान नाहीत. मी म्हटलं, मग संकट आलं हे तिला कळतं कसं? तर सृष्टी म्हणाली, "आजी, हाच तर माझा विषय!" आणि अशी खूश झाली, जणू विषय मीच काढून दिला.

संकट कसलं, तर ऑक्सिजनचं. आता ऑक्सिजनवर तर आपण जगतो. पण त्याचंच तिखट रूप विळ्याला गंज चढवतं. जखमेवर ओतलं की फेस येतो ते औषध असतं ना, हायड्रोजन पेरॉक्साइड, ते यीस्टवर टाकलं की पेशी आतून गंजायला लागते. त्याला ही मंडळी ताण म्हणतात.

"ताण?" मी म्हटलं. "तिला कसला गं ताण? तिचंपण लग्न जमत नाय का?"

"आजी, निदान तिला तरी सोड."

तर पेशीच्या बाहेर कॅल्शियम पुष्कळ असतं. आत मात्र मुद्दाम अगदी थोडं ठेवलेलं असतं, जास्तीचं एका कोठीत कोंडून. पेरॉक्साइड आलं की दारं उघडतात. बाहेरचं कॅल्शियम आत शिरतं, कोठीतलंही सुटतं, आणि काही सेकंदांत पेशीभर दवंडी होते. ऐका हो ऐका, गंज आलाय, कामाला लागा! मग पेशी गंजावरची औषधं करायला घेते. आणि दवंडी झाली की कॅल्शियमला लगेच माघारी कोठीत घालायचं, दाराबाहेर काढायचं. ते आतच फिरत राहिलं तर त्यानंच पेशी मरते. मला हे फार पटलं. दवंडी देणाऱ्यानं दवंडी देऊन घरी जावं. तो चौकातच बसला तर गावानं कामं कधी करायची?

आता ही दवंडी दिसायची कशी? समुद्रात काही जेलीफिश चमकणारे असतात. त्यांच्यातला चमकायचा पदार्थ यीस्टकडून तयार करून घेतात. त्याला कॅल्शियम लागलं की उजेड पडतो. आपल्या डोळ्याला दिसायचा नाही इतका बारीक, पण यंत्र तो मोजतं. आमच्या पोरीनं पाच वर्षं हा उजेड मोजला. आमच्या घरात लाइट गेली की सगळे तिला चिडवायचे, "सृष्टे, तुझं यीस्ट आण बरं."

यात एक गोष्ट ध्यानात ठेवा. नळ्या दोन असतात. एकीत यीस्ट आणि पेरॉक्साइड, दुसरीत यीस्ट आणि नुसतं पाणी. दुसरी नळी अंधारी राहिली पाहिजे, तरच पहिलीचा उजेड खरा. उज्वला मॅडम मला एकदा म्हणाल्या होत्या, "आजी, आमचं सगळं शास्त्र त्या अंधाऱ्या नळीवर उभं आहे." म्हणून ते पाणी साधं चालत नाही. पाण्याची वाफ करून तिचं परत पाणी करतात, डिस्टिल्ड. त्यात काहीच नसतं, कॅल्शियमचा कणही नाही.

हे पाणी करून ठेवायचं, काचसामान धुवायचं, हे काम गोटीरामभाऊंचं.

मी पहिल्यांदा कॉलेजात आले ते पोरीला डबा घेऊन. गोटीरामभाऊंनी दारातच अडवलं. म्हणाले, "आजी, आत खायचं-प्यायचं नाही." मग मला बाहेर पायऱ्यांवर बसवलं, स्वतःच्या थर्मासातला चहा दिला आणि खिडकीतून मला दिसतील असे आत धूत उभे राहिले. नळी धुवायची, उजेडाकडे धरायची, पुन्हा धुवायची.

मी विचारलं, "किती वेळा धुता हो?"

"साबणानं एकदा, नळाखाली सात वेळा, डिस्टिल्डनं तीन वेळा."

"एवढ्यात तर आमच्याकडं लग्नाची भांडी घासून होतात!"

"लग्नाच्या पातेल्याला डाळ चिकटलेली दिसते, आजी. इथं चिकटलेलं दिसत नाही. म्हणून जास्त धुवायचं."

असा हा माणूस. आणि त्याच्या पुस्तकात शेरा काय? तर डिस्टिल्डच्या जागी दुसरंच पाणी ठेवलं, कामात हलगर्जी. तुम्हाला पटतं का? मला तेव्हा पटलं होतं. ते पुढे सांगते.

मधे आमच्या विहिरीचं सांगायला पाहिजे. आमच्या विहिरीचं पाणी प्यायला असं गोड आहे की हायवेचे ट्रकवाले थांबून बाटल्या भरून नेतात. पण त्यात तुरीची डाळ शिजत घाला. दोन तास जाळ घातला तरी दाणा दाण्याला ओळख देत नाही. हंड्याला आतून पांढरा थर बसतो, तो विळ्याच्या टोकानं खरवडावा लागतो. म्हणून आम्ही प्यायला विहिरीचं पाणी घेतो आणि डाळीला शेजारच्या नवसाबाईच्या नळाचं. गावात हे सगळ्यांना ठाऊक. पण त्या थरात मुख्य माल कॅल्शियमचा, हे कोणाला ठाऊक असणार?

आणि एक आमची रीत. भांडं रिकामं परत करायचं नाही. कोणी वाटीतून कालवण दिलं तर वाटी परत देताना त्यात चार शेंगदाणे, गुळाचा खडा, काही ना काही घालायचंच. नवसाबाईची आणि माझी एक वाटी चाळीस वर्षं इकडून तिकडं जातेय. मूळची कोणाची ते आता दोघींनाही सांगता येत नाही.

आता कॅनकडे येते.

मागल्या साली द्राक्षं उतरायच्या दिवसांत सृष्टी घरी आली. द्राक्षाच्या सालीवर रानातलं यीस्ट असतं, ते तिला धुऊन घ्यायचं होतं. त्यासाठी तिनं प्रयोगशाळेतून पाच लिटरचा कॅन आणला, डिस्टिल्ड पाण्यानं भरलेला. काम झालं, कॅन रिकामा झाला, आणि रविवारी दुपारी ती गडबडीत एसटीनं निघून गेली. कॅन ओट्यावर राहिला.

सोमवारी रोहित मोटरसायकलवर सातपूरला निघाला. मी तोवर काय केलं? कॅन राखेनं घासला, स्वच्छ खळबळला, आणि आमच्या विहिरीच्या पाण्यानं गळ्यापर्यंत भरला. जे पाणी मी पाहुण्याला देते तेच. वाटेत सांडू नये म्हणून झाकणाखाली माझ्या जुन्या हिरव्या लुगड्याचं फडकं घट्ट बसवलं.

रोहित म्हणाला, "आई, काय भरलंस यात? केवढा जड!"

"तुला काय करायचंय? गेटावर गोटीरामभाऊंकडं दे. पोरीच्या कॉलेजात रिकामं भांडं पाठवू का? नावं ठेवतील."

त्यानं दिला. म्हणाला, "सृष्टीचा कॅन आहे, मामा," आणि पाळी गाठायला पळाला. गोटीरामभाऊंनी पाहिलं, कॅन प्रयोगशाळेचा, वर चिठ्ठी डिस्टिल्डची, भरलेला. त्यांना वाटलं, पोरीनं नेलेलं पाणी लागलंच नाही, जसंच्या तसं परत आलं. फडकं काढलं आणि कॅन फळीवर ठेवला. सृष्टीला वाटलं, कॅन रिकामा आला, मामांनी भरून ठेवला. कोणी कोणाला विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं कोणाला काही वाटलंच नाही.

आणि त्या आठवड्यापासून अंधाऱ्या नळीत उजेड पडायला लागला.

पेरॉक्साइड नाही, ताण नाही, गंज नाही, तरी दवंडी! पेशींना आधी बिनकॅल्शियमच्या पाण्यात उपाशी ठेवलेलं, त्यांच्यावर एकदम आमची विहीर. पण हे कोणाला माहीत? तीन आठवडे ही मंडळी शोधत होती. यंत्र बिघडलं म्हणून माणूस बोलावला, यीस्ट बिघडलं म्हणून नवं वाढवलं. पोरगी घरी फोन करायची तेव्हा नुसती हं-हं करायची. त्यात बाहेरून समिती येणार होती, तिचं काम पुढं चालू ठेवायचं की बंद करायचं ते ठरवायला. शेवटी मॅडमनी पाणीच तपासायला दिलं. उत्तर आलं, पाणी डिस्टिल्ड नाहीच, क्षारांनी भरलेलं आहे.

सगळ्यांनी गोटीरामभाऊंकडे पाहिलं. ते म्हणाले, "पाणी मी ठेवलं. चूक माझी."

त्यांना मेमो मिळाला, शेरा पडला. सृष्टी मला फोनवर म्हणाली, "आजी, मामांनी नळाचं पाणी भरून ठेवलं! माझे तीन आठवडे गेले." आणि मी, याच तोंडानं म्हणाले, "बसून पगार मिळतो, मग दुसरं काय होणार? आळशी मेला." गोटीरामभाऊ, तुम्हाला हे माहीत नव्हतं. आता झालं.

पुढं पाणी बदललं, नळी अंधारी झाली, समिती खूश झाली, पोरगी पास झाली. दीड वर्ष गेलं. मी गावभर पेढे वाटले. नवसाबाईला वाटीतून दिले, तिनं वाटीतून चिवडा पाठवला.

मग गेल्या महिन्यात सृष्टी घरी आली ती कॅन घेऊन. म्हणाली, "आजी, मामा कपाट आवरतायत. म्हणाले, हा तुझ्या आजींना दे." मी झाकण काढलं. झाकणाखाली माझ्याच हिरव्या लुगड्याचं फडकं, स्वच्छ धुतलेलं, आणि त्याच्या गाठीत खडीसाखर.

मी म्हटलं, "हे फडकं त्यांच्याकडं कसं गं?"

"कॅनच्या तोंडाला होतं म्हणे."

"असणारच. मीच भरून पाठवला होता ना तुझा कॅन."

"कशानं भरलास?"

"कशानं म्हणजे? पाण्यानं. आपल्या विहिरीच्या."

पोरगी उंबऱ्यावरच बसली. मग म्हणाली, "आजी, आपल्या पाण्यात डाळ शिजत नाही." मी म्हटलं, ते मला तू सांगतेस होय? आणि सांगता सांगता माझ्याही डोक्यात उजेड पडला.

मी तिथल्या तिथं फोन लावायला लावला.

"गोटीरामभाऊ, तुम्हाला ठाऊक होतं?"

"पाण्याचा निकाल आला तेव्हा फडकं आठवलं, आजी. प्रयोगशाळेत लुगड्याचं फडकं कोण लावतं?"

"मग बोलला का नाय?"

"पोरीनं कॅन नोंद न करता बाहेर नेला होता. नियमाला ते धरून नव्हतं. समिती चार दिवसांवर आलेली. मी बोललो असतो तर तिचं नावच कापलं असतं कदाचित. तिचं सगळं व्हायचं होतं, माझं होऊन गेलेलं."

"अहो पण शेरा?"

"खोटं कुठं होतं काही? पाणी मीच ठेवलं होतं. उघडून बघायला पाहिजे होतं, नाय बघितलं." वर म्हणाले, "पाणी मात्र चांगलं होतं हां, आजी. चहाला वापरलं असतं तर बरं झालं असतं."

मी विचारलं, आता साहेबांना सांगू का? ते म्हणाले, "नका. थोडे दिवस राहिलेत, कशाला उगाच." मी "बरं" म्हटलं. "सांगणार नाही" असं मी म्हटलेलं नाही, हे सृष्टी साक्षीला आहे.

तिलाही विचारलं, "मी भर सभेत बोलले तर तुझी पदवी जाईल का गं?" म्हणाली, "माहीत नाही आजी. पण मामांच्या पुस्तकात माझी चूक ठेवून मला ती पदवी नीट लावता यायची नाही भिंतीला." शिकली ती हे शिकली, असं मला वाटलं. यीस्टचं काय, ते मॅडमनी शिकवलंच असतं.

तर प्राचार्य साहेब, हा तिचा अर्ज. तिच्या हातचा आहे, सही तिची आहे. कॅन कोणत्या दिवशी नेला, नोंद केली नाही, सगळं लिहिलंय. हा मी तुमच्या पुढ्यात ठेवते. तिला काय शिक्षा द्यायची ती तुम्ही आणि मॅडम ठरवा, मी मधे पडणार नाही. मॅडम, तुम्ही डोळे पुसू नका, तुम्हाला कोणी सांगितलंच नाही तर तुम्हाला कळणार कसं?

माझी मागणी एवढीच. परवा पुस्तक बंद व्हायच्या आत तो शेरा खोडा. आणि तुमच्या कायद्यात शेरा नुसता खोडता येत नसेल, त्या जागी काही लिहावंच लागत असेल, तर लिहा की पाणी चांदवडकडच्या कुसाबाईनं भरलं. माझं नाव पूर्ण लिहा. मी कुठं नोकरीला नाही, मला शेऱ्यानं काही होत नाही.

आणि हा तो कॅन. पिशवीत घालून आणलाय. हा प्रयोगशाळेचा माल आहे, माझ्या घरी राहून उपयोग नाही. गोटीरामभाऊ, शेवटचं एक काम करा. रजिस्टर मागवा आणि तुमच्या हातानं लिहा, एक कॅन, पाच लिटरचा, परत मिळाला. झाकण उघडून बघा, या वेळी बघाच. आत काही नाही. तीन दिवस उन्हात पालथा घालून वाळवलाय. सत्तर वर्षांत पहिल्यांदा मी कोणाचं भांडं रिकामं परत करतेय, आणि खरं सांगते, हात धजत नव्हता. घरून निघताना दोनदा खडीसाखर टाकली आणि दोनदा काढली.

खडीसाखर वेगळी आणलीय. ती या फडक्यात आहे. फडकं तुमचं, परत द्यायचं नाही.

माझी दवंडी झाली, आता मी आपल्या जागेवर जाते. मला इथं उभं राहू दिलं त्याबद्दल अध्यक्षांचे, मॅडमचे, आणि चहा गार होऊनही न उठलेल्या तुम्हा सर्वांचे आभार. माझ्या बोलण्यात चार शब्द जास्त भरले गेले असतील तर पोटात घाला. हात आखडता घ्यायला मी आत्ताच शिकतेय, आणि तेही फक्त कॅनपुरतं.

नमस्कार.